हात मांडीवर

त्याला सगळे वैद्य म्हणत. नाडी त्याने आयुष्यात कुणाची बघितली नव्हती. तो सहवैमानिक होता. नाव पडलं ते एका सवयीमुळे.

विमान वर जाऊन स्थिरावलं की वैमानिक ते ऑटोपायलटच्या ताब्यात देतात. मग हातांना फारसं काम उरत नाही. पडदे बघायचे, रेडिओवर बोलायचं, कॉफी प्यायची. तो चालवायचा त्या जुन्या विमानांत दोन खुर्च्यांच्या मध्ये, गुडघ्याशेजारी, एक काळं चाक असे. ट्रिमचं चाक. विमानाचं नाक तोलून धरणारं. ऑटोपायलट ते आपलं आपण फिरवायचा. टक् टक्, जरा पुढे. मग जरा मागे. बाकीचे वैमानिक या आवाजाकडे पंख्याच्या घरघरीइतकंही लक्ष देत नसत. हा मात्र तीन बोटं चाकाच्या कडेला लावून बसे. अगदी अलगद. डोळे पडद्यावर, कान रेडिओकडे, बोटं चाकावर.

"काय वैद्यबुवा, पेशंट कसा आहे?" हे पहिल्यांदा विचारलं कात्रीने.

कात्री म्हणजे कंपनीचे मुख्य परीक्षक. समोर सगळे त्यांना सर म्हणत. परीक्षेत ते माणसं कापत, म्हणून पाठीमागे कात्री. स्वतः पट्टीचे वैमानिक. आवाज कधी चढायचा नाही. कापायचे तेही हसत हसत.

"ठणठणीत आहे, सर," तो म्हणाला होता.

"मग फी घ्या आणि हात काढा."

सगळ्या कंपनीत हा विनोद पसरला. नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्याचे वडील लिफ्टमन होते. एका उंच कचेरीत. स्टुलावर बसून दांडा फिरवायचा आणि फरशीला फरशी जुळवून लिफ्ट थांबवायची. बोटभर उंचवटा राहिला तरी ते स्वतःवर चिडत. मग बटणांची लिफ्ट आली. कचेरीने त्यांना काढलं नाही. स्टूल तिथेच ठेवलं. माणसं त्यांच्या अंगावरून हात लांबवून स्वतःच बटण दाबत. निवृत्त होईपर्यंत ते तसेच बसून राहिले.

"काढलं असतं तर बरं झालं असतं," एकदा ते मुलाला म्हणाले. "कुणाशी तरी भांडलो तरी असतो."

आता ते मुलाकडेच राहत. शेजाऱ्यांना सांगत, "आमच्या घराण्याचा धंदाच वर-खाली करायचा. मी दहा मजले, हा पस्तीस हजार फूट." आणि शेजारी गेले की हळूच विचारत, "डावी खुर्ची कधी रे?"

डावी खुर्ची म्हणजे कॅप्टनची. हा उजवीकडे बसे. बसून बसून त्या खुर्चीला याच्या अंगाचा आकार आला होता. बरोबरीचे कधीच डावीकडे सरकले होते. मागून आलेलेही सरकले होते. मेहुणा जेवायला आला की विचारायचा, "काय दाजी, अजून कंडक्टरच का?" बायको भावाला डोळ्यांनी दटावायची. पण हसू तिलाही यायचं. ती शाळेत चित्रकला शिकवायची. झोपेत याची बोटं तिच्या मनगटावर यायची, तेव्हा हात सोडवून घेत म्हणायची, "अरे, जिवंत आहे मी. झोप."

डाव्या खुर्चीची परीक्षा कात्रीच्या हातात होती. पहिल्या वेळी त्यांनी त्याला नापास केलं. कारण सांगितलं ते खांद्यावर हात ठेवून. "हात चांगला आहे तुझा. पण तुझा यंत्रावर विश्वास नाही. ज्याचा यंत्रावर विश्वास नाही त्याच्यावर मी कसा ठेवू?"

पुढच्या उड्डाणात बोटं पुन्हा चाकावर गेली. ती तो ठेवत नव्हताच. ती जात.

त्याच सुमारास कंपनीने आपले रंग बदलले. पहिलं विमान रंगून आलं, पांढरंशुभ्र, शेपटीला तांबडा पट्टा. सगळे त्याला नवरी म्हणू लागले.

नवरीच्या नाडीत काहीतरी गडबड होती. बराच वेळ उंचावर गेला की चाक एकाच दिशेला सरकायचं. टक् टक्. थोडं थांबून पुन्हा तिकडेच. परत फिरायचं नाही. ऑटोपायलट आतल्या आत कशाशी तरी झटतोय आणि कुणाला सांगत नाहीये, असं वाटायचं. पडद्यावर सगळं जागच्या जागी. उंची बरोबर, वेग बरोबर. उतरायला लागलं, बाहेरची हवा जरा उबदार झाली, की चाक मुकाट्याने मूळ जागी.

त्याने तक्रार केली. इंजिनियर लोकांनी तपासलं. दोष आढळला नाही. त्याने पुन्हा तक्रार केली. पुन्हा दोष आढळला नाही. मग तो स्वतः हँगरमध्ये गेला.

"काही म्हणा, पाणी कुठेतरी मुरतंय," तो मुख्य इंजिनियरला म्हणाला.

मुख्य इंजिनियर कापसाच्या बोळ्याने हात पुसत होता. "पाणी मुरायला हा काय तुमचा संडास आहे? सगळ्या चाचण्या केल्या. पास आहे नवरी. माझ्या पोरापेक्षा जास्त मार्क."

"शेपूट उघडून बघितलीत?"

"शेपूट उघडायची म्हणजे विमान दिवसभर उभं. ते कोणाच्या सांगण्यावरून उभं करू? तुमच्या बोटांच्या?"

आजूबाजूचे हसले. तोही हसला. त्याला एवढंच म्हणायचं होतं की काहीतरी लपलंय. आपण शब्दशः खरं बोललो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

ही गोष्ट कात्रीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. "वैद्यबुवांना नवरी पसंत नाही म्हणे," ते कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. मग त्याला कंपनीच्या मानसतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

"उडायची भीती वाटते?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग चाकाला हात का लावता?"

तो स्वतःची बोटं बघत राहिला. बाईंनी तेही टिपून घेतलं.

दुसऱ्या वेळीही नापास. कंपनीचा नियम होता, तिसरी वेळ शेवटची. तिसऱ्यांदा पडला तो जन्मभर उजवीकडे. त्याच्यावर पुन्हा कुणी परीक्षकाचा वेळ घालवत नाही. घरी त्याने हे फक्त बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग नको ना लावू हात. काय अडतं?" वडील दाराशी उभे होते. त्यांना ऐकू गेलं होतं. ते आपल्या खोलीत गेले.

तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी कात्रीने त्याला उड्डाणाआधीच्या खोलीत बसवलं. दार लावलं.

"हे बघ. दोन वेळा मला वाईट वाटलं. तिसऱ्यांदा वाईट वाटून घ्यायची माझी इच्छा नाही. फिरत्या चाकाच्या मुठीत अडकून बोट मोडून घेतलेले दोघे मी पाहिलेत. पण प्रश्न बोटाचा नाही. घाबरलेल्या माणसाच्या पाठीमागे मी दीडशे माणसं बसवणार नाही. तेव्हा आज हात मांडीवर. शाळेत बसायचास तसे. जमेल?"

"जमेल, सर."

"आणि चाक सरकतंय, चाक थांबतंय, हे पुराण नको. एक शब्द नको. पडदे बघ. विमान कुठलं आहे माहितीये ना?"

"नाही, सर."

"नवरी," कात्री हसले. "योगायोग बघ."

परीक्षेसाठी तो डावीकडे बसला, कात्री उजवीकडे. उड्डाण छान झालं. विमान उंचीवर आलं, त्याने ऑटोपायलट लावला. हात आपसूक खाली चाकाकडे निघाला. कात्रीने स्वतःच्या मांडीवर दोनदा थाप मारली, लहान मुलाला बोलावतात तशी. त्याने हात उचलून मांडीवर ठेवला.

थोड्या वेळाने मोठ्या ताई कॉफी घेऊन आल्या. हवाई सेविकांमध्ये त्या सगळ्यांत जुन्या. वैमानिकही त्यांना ताईच म्हणत.

"डावीकडे शोभतोस रे वैद्या."

"ते सर ठरवतील, ताई."

"सर, करा हो पास त्याला. किती वर्षं बिचाऱ्याला कॉफी उजवीकडून देतेय. माझा खांदा दुखायला लागला."

"मी कोण पास करणारा?" कात्री म्हणाले. "विमान करेल."

"विमान आमच्या बाजूचं आहे," असं म्हणून त्या हसत गेल्या. मागे खाण्याच्या गाड्या काढायच्या होत्या.

कात्री खुलले होते. नातवाला पोहायला शिकवल्याची गोष्ट सांगू लागले. पोरगं काठ सोडेना. बोटं घट्ट आवळून बसलेलं. "मग मी एकेक बोट सोडवलं आणि दिलं ढकलून. गटांगळ्या खाल्ल्या. त्याची आजी वरून किंचाळतेय. पण आला की नाही वर?"

टक् टक्.

त्याला ते ऐकू आलं. चाक सरकलं होतं. त्याने पडदा बघितला. सगळं ठीक. चाक पुन्हा सरकलं. तिकडेच.

"आता मासा झालाय मासा," कात्री म्हणाले.

टक् टक्.

तळहातांखालची पँट घामाने ओली झाली होती. 'सर, ट्रिम सरकतंय.' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. ते म्हटलं की कात्री हळूच हसतील आणि खिशातलं पेन काढतील, हेही त्याला दिसत होतं. अजून एकदा सरकलं तर बोलू, असं त्याने ठरवलं. ते सरकलं. अजून एकदा, असं त्याने पुन्हा ठरवलं. चाकावरची पांढरी खूण आजवर कधी गेली नव्हती तिथे जाऊन पोचली होती.

मग त्याला पट्ट्याचा दिवा आठवला. डोक्यावरचं एक बटण. ते दाबलं की प्रवाशांसमोर दिवा लागतो, सगळे पट्टे बांधतात, सेविका गाड्या आत ढकलून बसून घेतात. चाकाला हात लावायचा नाही. चाकाबद्दल बोलायचंही नाही. नुसतं एक बटण.

त्याचा हात वर गेला. कात्रीने बोलता बोलता त्या हाताकडे बघितलं. मग काचेतून बाहेर. बाहेर निळं स्वच्छ आकाश, नावालाही ढग नाही. मग त्यांनी भुवया उंचावून त्याच्याकडे बघितलं.

त्याने कान खाजवला. हात खाली आणला.

"तर मासा झालाय," कात्री म्हणाले आणि तेवढ्यात भोंगा वाजला. ऑटोपायलटने हात टेकले होते. त्याने सोडून दिलं आणि विमानाने नाक खाली टाकलं.

कॉफी छताला गेली. खुर्चीचा पट्टा त्याच्या मांड्यांत रुतला. "विमान माझ्याकडे!" तो ओरडला. कात्रीचे दोन्ही हात हवेत होते, आपल्याला कुणी उचलतंय असे. नाक वर आणायला त्याने समोरचा दांडा ओढला. दांडा येईना. मग त्याने ते काळं चाक धरलं आणि मागे फिरवलं. मागे, आणखी मागे. बोटांची सालं निघाली. पाठीमागून एक आवाज आला, तो माणसांचा होता हे त्याला नंतर कळलं. नाक हळूहळू वर आलं. विमान सरळ झालं.

कात्रीचा शर्ट कॉफीने भिजला होता. मागून इंटरकॉम वाजला. सेविकांमधली सगळ्यांत धाकटी होती. रडत होती. "मोठ्या ताई उठत नाहीयेत," ती म्हणाली. "डोळे उघडे आहेत. पण उठत नाहीयेत."

परत फिरून उतरल्यावर, डॉक्टर आणि पोलीस आणि कंपनीचे लोक येऊन गेल्यावर, कात्रीने त्याला त्याच सकाळच्या खोलीत नेलं. दार लावलं. शर्ट बदलला होता.

"कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये चाकाचा आवाज असेल," ते म्हणाले.

"हो."

"मी गोष्ट सांगत होतो. मला ऐकू आलं नाही. वय झालं. तुला आलं?"

त्याने बंद दाराकडे बघितलं.

"आलं असेल तर विचारतील, बोलला का नाहीस."

"तुम्ही म्हणालात, एक शब्द नको."

"कुठे म्हणालो? कुणासमोर? विमानात मी असं काही म्हणालेलो नाही. ऐका म्हणावं त्यांना." कात्रीचा आवाज अजूनही चढला नव्हता. "मी वाईट माणूस नाही रे. मी हिशोब सांगतोय. तुला आवाज आला असेल, तर तू कळून गप्प बसलास. परवाना जाईल. जेलही होईल कदाचित. माझं काय, माझी निवृत्ती आलीच आहे. आणि तुला आवाज आलाच नसेल, तर तू विमान वाचवलंस. एवढी माणसं घरी गेली तुझ्यामुळे. मी शेजारी होतो, मी लिहून देईन. डाव्या खुर्चीला आणखी काय लागतं?"

तो आपल्या सोललेल्या बोटांकडे बघत होता.

"घरी कोण असतं?" कात्रीने विचारलं.

"बायको. वडील."

"वडील काय करायचे?"

त्याने सांगितलं नाही.

चौकशीला तिघे जण बसले होते. सभ्य माणसं. त्यांनी त्याला पाणी दिलं. रेकॉर्डिंग लावलं. कात्रीची नातवाची गोष्ट, मध्ये मध्ये टक् टक्. त्या शांत खोलीत ते इतकं मोठ्याने ऐकू येत होतं की टाइप करणाऱ्या बाईंनीही वर बघितलं.

"हा आवाज तुम्हाला त्या वेळी आला होता का?"

"नाही," तो म्हणाला.

"नेहमी तुम्ही हात चाकावर ठेवता असं कळलं."

"पूर्वी ठेवायचो. सवय मोडली."

"चांगलं केलंत," मधला म्हणाला. त्याला मनापासून तसंच वाटत होतं.

नवरीची शेपूट उघडली. रंग देताना तिच्या पोटाखालचं पाणी निथळायचं भोक बुजलं होतं. पावसाचं, धुण्याचं पाणी आत साचायचं, उंचावर गेलं की शेपटीच्या सांध्यात त्याचा बर्फ व्हायचा, खाली आलं की वितळायचा. त्या दिवशी बर्फ जास्त धरला आणि अचानक तुटला, आणि त्याच्याशी झटत चाकाने इतका वेळ दिलेला ताण एकदम सुटून नाक खाली गेलं. मुख्य इंजिनियरची बदली झाली. जाताना तो याला पार्किंगमध्ये भेटला. "पाणी मुरतंय म्हणालात," तो म्हणाला, "मला वाटलं, बोलायची पद्धत आहे." हा म्हणाला, "बोलायची पद्धतच होती."

अहवालात त्याची स्तुती होती. चाक इतकं सावकाश सरकत होतं की माणसाच्या लक्षात येणं अपेक्षित नव्हतं, असं लिहिलं होतं. कात्रीने त्याला पास केलं. कॅप्टनची चौथी पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर चढवली. टाळ्या झाल्या. महिन्याभराने कात्री निवृत्त झाले, तेव्हा भाषणात म्हणाले, "काही जणांची बोटं सोडवावी लागतात. मग ते मासे होतात." लोक खूप हसले. वडिलांनी सगळ्या इमारतीला बातमी सांगितली. लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांनाही. मेहुणा आता कॅप्टनसाहेब म्हणतो, आणि त्यात चेष्टा नसते.

मोठ्या ताईंना भेटायला तो गेला तो चार पट्ट्यांच्या गणवेशात. उड्डाणावरून थेट गेला म्हणून. त्यांच्या बहिणीने दार उघडलं, खोली दाखवली आणि बाजारात निघून गेली. पलंग खिडकीशी होता. कमरेखालचं शरीर त्यांचं राहिलं नव्हतं. चेहरा तोच होता.

"ये रे वैद्या. बस. कॉफी तुझी तूच कर, माझा खांदा दुखतो."

तो हसला. खुर्ची ओढून बसला.

"सगळे सांगतात, तू नसतास तर आज फोटोला हार असता माझ्या."

"तसं नाही, ताई."

"तसंच आहे." त्या छताकडे बघत होत्या. "खरं सांग. आधी काहीच कळलं नाही का रे? तुला तर सगळं कळायचं."

"नाही कळलं, ताई."

"मग तू तरी काय करणार." त्यांनी त्याच्या हातावर थोपटलं. "नुसता पट्ट्याचा दिवा लागला असता ना, तर बसले असते मी. माझी सीट हाताच्या अंतरावर होती. गाडी कशीही ठेवली असती आणि बसले असते. पण तुला वेळच कुठे मिळाला."

त्याने मान हलवली.

"जवळ ये. पट्ट्या बघू दे."

तो वाकला. त्यांनी अंगठ्याने एकेक पट्टी चाचपली.

"शोभतात," त्या म्हणाल्या. मग हात खाली घेत म्हणाल्या, "एक काम कर. माझे पाय उघडे पडलेत का बघ जरा. कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही मला."

त्याने बघितलं. पाय उघडे होते. खिडकीतून वारा येत होता, पाय निळसर पडले होते, गार.

"नाही ताई, झाकलेलेच आहेत," तो म्हणाला आणि आवाज न करता चादर ओढून घेतली.